दाणा आला, चुना मागेच राहिला

मेक्सिकोतला टॉर्टिया पाहिला तर आपल्या मक्याच्या भाकरीचा भाऊच वाटतो. पण आपली मक्याची भाकरी उकड काढूनही कडेने चिरते, हे भाकऱ्या थापणाऱ्यांना सांगायला नको. टॉर्टिया मात्र पातळ थापला तरी तुटत नाही, गुंडाळताही येतो. हा फरक चुन्यामुळे पडतो.

तिथे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्यातच ठेवतात आणि सकाळी चोळून धुतात. सालीतले हेमिसेल्युलोज अल्कधर्मी पाण्यात विरघळते आणि साल सुटते. मग ओले दाणे पाट्यावर वाटले की चिकट गोळा तयार होतो. अशा दाण्यांना नाहुआत्ल भाषेत ‘निश्तमल’ म्हणतात. या शब्दात ‘राख’ दडलेली आहे, कारण चुन्याऐवजी लाकडाची राखही चालते. ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर या पद्धतीच्या तीन हजार वर्षांहून जुन्या खुणा मिळाल्या आहेत. म्हणजे रोज पहाटे पाट्याशी बसणाऱ्या बायकांच्या शंभराहून अधिक पिढ्या झाल्या!

१४९२ नंतर मका युरोपात आला, पण एकटाच. तिथे गहू दळायच्या पाणचक्क्या होत्याच. कोरडा मका त्यांत सहज दळला जाई. मग भिजवण्या-चोळण्याचा खटाटोप कोण करणार? पीक भरघोस आणि स्वस्त, त्यामुळे गरिबांच्या ताटात दुसरे काही उरले नाही.

१७३५ मध्ये स्पेनमधील अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने एका नव्या रोगाचे वर्णन केले. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर लाल चट्टे, जुलाब, पुढे वेड आणि मृत्यू. उत्तर इटलीत १७७१ मध्ये त्याला पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव मिळाले. तिथला गरीब शेतकरी मक्याच्या घट्ट लापशीवर, पोलेंटावर, जगत होता. मक्याशी संबंध सगळ्यांना दिसत होता. पण कोणी नासक्या मक्याला दोष दिला, कोणी जंतूंना, कोणी आनुवंशिकतेला. तिकडे मेक्सिकोत मक्यावरच जगणाऱ्यांत हा रोग विरळा होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राची साथच पसरली. १९१५ मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर १२ कैद्यांना सुटकेच्या बोलीवर मका, भात, काकवी अशा आहारावर ठेवले. अखेरपर्यंत राहिलेल्या ११ पैकी ६ जणांच्या कातडीवर चट्टे उमटले. (या प्रयोगाच्या नैतिकतेवर वर्गात चर्चा जरूर घ्यावी.) तरीही जंतूवादी ऐकेनात. तेव्हा त्यांनी स्वतः, पत्नीने आणि सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त, खपल्या शरीरात घेऊन दाखवल्या. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. १९२९ मध्ये ते वारले. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांना तो घटक सापडला: निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन, ब गटातले एक जीवनसत्त्व.

मक्यात नायसिन असते, पण असे जखडलेले की आतड्याला ते घेता येत नाही. ट्रिप्टोफॅनपासून शरीर थोडे नायसिन बनवू शकते, पण मक्यात तेही तोकडे. चुन्याचे पाणी जखडलेले नायसिन मोकळे करते, वर कॅल्शियमही देते. टॉर्टियाबरोबरचा घेवडा ट्रिप्टोफॅनची उणीव भरतो. पाट्याशी बसणाऱ्या बाईला जीवनसत्त्व ठाऊक असण्याचे कारण नव्हते. साल सुटते आणि गोळा मिळून येतो, एवढे तिला पुरेसे होते.

हे शाळेत करून पाहता येईल. दोन भांड्यांत मूठ-मूठ वाळका मका घ्या. एकात साधे पाणी, दुसऱ्यात खायच्या चुन्याचे. ते तासभर उकळून रात्रभर ठेवा. (चुन्याचे पाणी शिक्षकांनीच हाताळावे.) सकाळी चुन्याचे दाणे भरपूर पाण्याने धुऊन चोळा. पिवळ्या साली हातात येतील. मग दोन्ही वाटून मुलांना थापायला द्या.