‘तीस दिवसांच्या आत’ म्हणजे नेमके कधी?

साठेखतात रक्कम आकड्यांत लिहितात, पुन्हा अक्षरी लिहितात आणि शेवटी ‘फक्त’ जोडतात. ती कधी द्यायची यासाठी मात्र एक ओळ पुरेशी मानली जाते: ‘उर्वरित रक्कम तीस दिवसांच्या आत द्यावी.’ या ओळीत तीस हा आकडा सोडला तर काहीच ठरलेले नसते. तीस दिवस कुठपासून मोजायचे, पैसे दिले असे केव्हा म्हणायचे आणि मुदत टळली तर काय, हे तिन्ही प्रश्न उघडे राहतात. वाद होतात ते बहुधा यांवरच.

मोजणीचा नियम त्यातल्या त्यात सोपा. १८९७च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमाच्या कलम ९नुसार ‘पासून’ या शब्दाने सांगितलेला पहिला दिवस वगळायचा. हे कलम कायद्यांच्या भाषेसाठी आहे, पण खाजगी कराराचा अर्थ लावतानाही सामान्यतः हेच तत्त्व वापरले जाते. १ जूनला सही झाली तर ‘आजपासून तीस दिवस’ १ जुलैला संपतात. सुट्टीचा प्रश्न मात्र फसवा आहे. त्याच अधिनियमाचे कलम १० सांगते की कोर्टात किंवा कचेरीत करायच्या कामाचा शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर ते पुढच्या उघड्या दिवशी चालते. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम २५ नेमके उलट बोलते: वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आधीच्या कामकाजाच्या दिवशी भरली असे धरायचे. दोन व्यक्तींमधल्या साध्या करारावर यांपैकी कोणतेच कलम आपोआप लागू होत नाही. म्हणून ‘सुट्टी आल्यास पुढील कामकाजाच्या दिवशी’ एवढे शब्द करारातच असावेत.

तारखेऐवजी घटना लिहिली की अडचण वाढते. ‘बिल मंजूर झाल्यावर’, ‘सातबाऱ्यावर नाव लागल्यावर’, ‘वरून पैसे आल्यावर’ अशा शब्दांत मुदत सुरू कधी होणार हे देणेकऱ्याच्या किंवा तिसऱ्याच कुणाच्या हाती जाते. लघुउद्योजकांचा हा जुना जाच ओळखून २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना संरक्षण दिले. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असे मानले जाते. करारात नव्वद दिवस लिहिले असले तरी स्वीकारापासून पंचेचाळीस दिवसांपलीकडे पैसे रोखता येत नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हे संरक्षण नसलेल्याने घटनेसोबत ‘किंवा अमुक तारीख, यांपैकी जे आधी येईल ते’ असे लिहून घ्यावे.

पैसे दिले असे केव्हा म्हणायचे? यावरचा एक महत्त्वाचा निवाडा आपल्या ओगलेवाडीच्या कारखान्यामुळे झाला. प्रभाकर कंदिलांसाठी प्रसिद्ध असलेल्या ओगले ग्लास वर्क्सला भारत सरकारकडून पुरवठ्याचे पैसे येत. चेक दिल्लीहून टपालाने निघत आणि पैसे चेकने पाठवण्याची सूचना कंपनीचीच होती. वाद प्राप्तिकराचा होता: कारखाना औंध संस्थानात, मग पैसे मिळाले कुठे? १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सांगण्यावरून चेक टपालात टाकला की टपालखाते घेणाऱ्याचे प्रतिनिधी ठरते, म्हणून पैसे दिल्लीतच मिळाले. आणि चेक पुढे वटला तर पैसे तो दिला त्या दिवशीच दिले असे धरायचे. शेवटच्या दिवशी चेक देणाऱ्याला याचा आधार आहे. ज्याला हे नको असेल त्याने ‘रक्कम खात्यात जमा झाली पाहिजे’ असे लिहावे.

सर्वांत वादग्रस्त भाग मुदत टळल्यानंतरचा. १८७२च्या करार अधिनियमाचे कलम ५५ विचारते की वेळ हे कराराचे सार होते का? सार असेल तर समोरच्याला करार रद्द करता येतो. नसेल तर फक्त भरपाई मागता येते. स्थावर मालमत्तेच्या विक्रीत वेळ हे सार असल्याचे गृहीत धरत नाहीत. पण गृहीतक शब्दांनी मोडते. चाँद राणी विरुद्ध कमल राणी या दाव्यात दिल्लीतल्या घराचा १९७१चा करार १,७८,००० रुपयांचा होता: ३०,००० बयाणा, ९८,००० ‘फक्त दहा दिवसांत’ आणि ५०,००० नोंदणीच्या वेळी. पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्या ‘फक्त’वर बोट ठेवले आणि खरेदीदार हरला. पुढे शारदामणी कंदप्पन खटल्यात (२०११) न्यायालयाने एकाच करारातल्या दोन मुदती वेगळ्या काढल्या: खरेदीखताची वेळ सार नव्हती, हप्त्यांच्या तारखा होत्या. शहरी जमिनींचे भाव झपाट्याने वाढत असताना जुन्या गृहीतकाचा फेरविचार हवा, असेही तिथे सुचवले. मला हे पटते. भाव दुप्पट होईपर्यंत किरकोळ रकमेवर व्यवहार अडकवून ठेवणाऱ्याला सवलत कशासाठी?

मात्र कडक शब्द लिहून ढिले वागणे विक्रेत्याच्याच अंगाशी येते. करार रद्द करण्याचा हक्क असताना त्याने उशिरा आलेला हप्ता स्वीकारला आणि स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याची सूचना दिली नाही, तर कलम ५५नुसार त्या उशिराची भरपाई त्याला पुढे मागता येत नाही.