कणकुंबीच्या वाटेवरची इंजनं

खानापूरहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालात की घाट लागायच्या आधी कणकुंबी. मलप्रभेचा उगम इथला, माउलीचं देऊळ इथलं, आणि पाऊस तर असा की मिरगापासून चवथीपर्यंत भिंतीला हात लावला तरी तळवा ओला. रानातून आलेल्या तारेवर फांदी पडते आणि करंट जातो. लाइनमन बिचारा चिखल तुडवत, जळवा काढत फॉल्ट शोधत फिरतो. तो सापडला तर संध्याकाळी दिवे, नाहीतर दोन-तीन रात्री तशाच. मी खानापुरातला इंजन-मिस्त्री. या भागातल्या अंधारावर माझं पोट चाललं म्हटलं तरी चालेल, म्हणून अंधार घालवायला इथं कुठकुठली यंत्रं आली, ते मी सांगितलेलं बरं.

आमचा बेळगाव जिल्हा यंत्रांच्या बाबतीत मागे नव्हता. गोकाकच्या धबधब्यावर 1887 साली टर्बाइन फिरलं आणि त्यावर सूतगिरणी चालली. पुढच्याच वर्षी, 1888 मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान टाकलं. पुढे ठळकवाडीला कारखाना झाला, कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर निघाले. मग नगरपालिकेला जागा हवी झाली, आणि 1910 साली किर्लोस्कर बाडबिस्तरा आवरून औंध संस्थानातल्या माळावर गेले. त्याचीच किर्लोस्करवाडी. ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो ते चहाच्या प्रत्येक कपाला म्हणायचे, "घालवलं रे आपण त्यांना." पुण्यात खडकीला 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि बेळगावातून गेलेलं नाव डिझेल इंजनावर बसून आमच्या तालुक्यात परत आलं.

ते आलं ते उजेडासाठी नव्हे, भातासाठी. गिरणीत एक इंजन, एक लांब पट्टा. किर्लोस्करशिवाय दुसरी जात राजकोटची. इंग्रजांच्या लिस्टरची ती नक्कल: सहा एचपी, मिनिटाला साडेसहाशे फेरे, माणसाच्या कमरेला लागतील एवढी दोन चाकं. सुरू करायची रीत अशी: डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल लावून चाकं गरगर फिरवायची, वेग आला की खटका सोडायचा आणि हँडल लगेच बाहेर काढायचं. उशीर झाला तर मनगट गेलं. ही इंजनं बिघडत नसत असं नाही, पण जे बिघडे ते डोळ्यांना दिसे आणि पान्यानं दुरुस्त होई. गॅस्केट मिळालं नाही तर जाड पुठ्ठा कापून वेळ मारून नेणारे मिस्त्री मी पाहिलेत.

1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. (त्याबद्दल इथं बोलायला लागलो तर इंजनं राहून जातील.) 1957 मध्ये तिकडचं वीज मंडळ झालं आणि हळूहळू खांब रानात शिरले. गिरणीवाल्यांनी इंजनं मात्र विकली नाहीत. कारण राज्याची वीज जवळजवळ सगळी पाण्याची, शरावतीची. रायचूरचं औष्णिक केंद्र 1985 मध्ये चालू होईपर्यंत दुष्काळ म्हणजे वीजकपात, हे ठरलेलं. म्हणजे गंमत बघा: पाऊस कमी पडला तर धरणात पाणी नाही म्हणून कणकुंबीला करंट नाही, आणि पाऊस जास्त पडला तर तार तुटली म्हणून करंट नाही.

गिरणीच्या त्याच इंजनाला डायनॅमो जोडून लग्नात, जत्रेत, नाटकात उजेड केला जाई. त्याआधी गॅसबत्त्या होत्या. पट्टा सैल झाला की स्टेजवरचे दिवे लाल पडत, मग मांडववाला पट्ट्याला राळ लावायला धावे. इंजन देवळामागे, लांब, कारण त्याच्या ठोक्यात गवळण ऐकू येत नसे. घरात असलं काही ठेवायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

ते डोक्यात आलं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, श्रीराम होंडा आणि बिर्ला यामाहा या नावांनी. एका हातात उचलून नेता येईल असं यंत्र, पाचशे-साडेसहाशे वॅटचं. पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि रॉकेलवर चालायचं. ही करामत मला आजही आवडते. टाकीचे दोन कप्पे, छोटा पेट्रोलचा, मोठा रॉकेलचा. दोरी ओढायची, पेट्रोलवर इंजन दोन-तीन मिनिटं तापू द्यायचं, मग कॉक रॉकेलकडे वळवायचा. आवाज क्षणभर घोगरा होई आणि धुराचा वास बदले. पण खरी अक्कल बंद करताना. बंद करायच्या आधी कॉक परत पेट्रोलवर आणून कार्बोरेटरमधलं रॉकेल संपवायचं. ते विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा निखळेल, मशीन हूं की चूं करणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीनना याच विसराळूपणाचा रोग असे. मी बाऊल सोडायचो, रॉकेल ओतून टाकायचो, प्लग पुसायचो आणि पैसे घ्यायचो.

खानापूरच्या बाजारात दुकानदार, फोटो स्टुडिओ, एसटीडी बूथ, दवाखाने यांनी ती घेतली. दुकानाच्या पायरीवर मशीन, आत एक ट्यूब आणि पंखा. रॉकेल कुठलं, हे विचारायचं नसे. निळ्या रंगाचं, रेशनचं. ज्या घरी चिमणीला ते पुरत नसे, त्यांना बाजारातला तो निळा धूर खुपत होता, आणि ते चूक नव्हतं. शिवाय रॉकेल इंजनाच्या ऑइलमध्ये उतरून ते पातळ करी. काडी काढून बोटावर घेतलं की कळायचं: चिकटपणा गेलेला, वास रॉकेलचा.

हेस्कॉम ही वीज कंपनी 2002 मध्ये आली, त्याच सुमारास इन्व्हर्टर घरोघर शिरला आणि आमचा धंदा बसला. बेळगावात तो बसला तो बसलाच. कणकुंबीत मात्र इन्व्हर्टर पहिल्या रात्री राजा असतो, दुसऱ्या रात्री कुरकुरतो, आणि तिसऱ्या दिवशी बॅटरी भरायलाच करंट नसतो. सूर्यावर भरावी म्हटलं तर जुलैत तो इथं असतो कुठं? म्हणून दोरीचं मशीन परत आलं, या वेळी निव्वळ पेट्रोलचं.

मागच्या पावसाळ्याआधी कणकुंबीच्या एक काकी दुकानात आल्या. मुलगा गोव्यात कामाला, घरात त्या आणि सासूबाई.

"मिस्त्रीमामा, मोठं नको. मला एकटीला दोरी ओढता आली पाहिजे."

कुठल्याही पत्रकात न छापलेली पण सगळ्यात आधी बघायची गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली. मी विचारलं, चालवायचं काय काय? दिवे, पंखा, मोबाइल, फ्रिज, आणि जमलं तर विहिरीवरचा एक एचपीचा पंप. पंप मी काढायला लावला. मोटर सुरू होताना तिप्पट-चौपट ओढते, त्या पंपापायी तीन केव्हीएचं धूड घ्यावं लागलं असतं, आणि ते काकींना हलवणारं कोण? फ्रिजही सुरू होताना हिसका देतोच, म्हणून दीड-दोन केव्हीएचं बघायला सांगितलं. कंपनी कुठली, याला माझं एकच उत्तर असतं: जिचा कार्बोरेटर आणि दोरीची स्प्रिंग बेळगावात त्याच दिवशी मिळते ती. स्वस्त आणि बिननावाची मशीनं माझ्या मागच्या खोलीत रांगेत पडली आहेत, एका प्लास्टिकच्या तुकड्यापायी.

जागा मात्र मी जाऊन बघितली. मशीन पडवीत ठेवायचा त्यांचा बेत होता. पडवीचं दार माजघरात उघडतं आणि पावसात सगळ्या खिडक्या बंद. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. गोठ्यापलीकडे पत्र्याची चार बाजूंनी मोकळी छपरी होती, मशीन तिथं गेलं. आणि मीटरजवळ चेंजओव्हर स्विच. काही जण सरळ दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर प्लगात खुपसतात. तसं केलं की घरातला करंट उलटा तारेवर जातो, ट्रान्सफॉर्मरमधून चढून हजारो व्होल्टचा होतो, आणि तिकडे रानात लाइनमन ती तार मेलेली समजून हातात घेतो.

कणकुंबीत मशीन चालून झिजत नाही, पडून कुजतं. सहा महिने न फिरलेल्या जनरेटरचं इंजन सुरू होतं पण बल्ब लागत नाही, कारण लोखंडातलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलेलं असतं. मग ब्रशची जोडणी सोडून बारा व्होल्टच्या बॅटरीचा क्षणभर स्पर्श द्यायचा, प्लस-मायनस सांभाळून, की व्होल्टमीटरचा काटा दोनशे तीसवर चढतो. गिऱ्हाईक बघत राहतं. हे टाळायचं तर महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं दिवे आणि पंखा लावून चालवायचं, रिकामं नाही. नव्या मशीनचं पहिलं ऑइल वीसेक तासांत बदलायचं, पुढचं शंभर तासांनी किंवा प्रत्येक मिरगाच्या तोंडाला.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाच्या कारखान्यांत ते बनतं, म्हणून मला त्याचं वाईट बोलवत नाही, पण ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल कणकुंबीला विकत आणावी लागत नाही. कार्बोरेटरच्या तळाशी पाणी साचतं आणि जेटला हिरवट बुरशीसारखा थर धरतो. काकींना मी बाऊलखालचा स्क्रू दाखवून ठेवलाय. करंट परत आला की कॉक बंद करून इंजन आपोआप विझेपर्यंत चालू द्यायचं, मग स्क्रू सैल करून उरलेले थेंब बाटलीत घ्यायचे. टाकीत राहिलेलं पेट्रोल काकी नळीनं काढून पुतण्याच्या स्कूटरला घालतात, आणि त्याचे पैसे त्याच्याकडून न चुकता वसूल करतात.