वस्तरा, रेझर आणि आरसा

आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती पुष्कळ घरांत या क्षणी न्हाणीघरातील फळीवर पडलेली असेल, आणि बहुधा ओलीच असेल. दाढी करण्याचे हत्यार! शाळेत इतिहास शिकवताना लढायांच्या आणि तहांच्या सनावळ्या मी मुलांकडून घोकून घेतो. परंतु रोज सकाळी जी वस्तू मी हातात धरतो तिचा इतिहास चाळिशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हता. तो शोधावासा वाटला तोही एका आकस्मिक खरेदीमुळे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माझा सरंजाम ठरलेला होता. वाटीत साबणाची वडी, एक ब्रश, दुधारी पाते आणि बाजारात मिळेल तो हलका, पत्र्याचा रेझर. हनुवटीखाली रोज रक्ताचे एखादे टिपूस उमटे आणि त्यावर मी तुरटी फिरवी. माझी कातडीच नाजूक, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती. २०१९ मध्ये बेळगावच्या जुन्या बाजारात खिळे, कुलपे आणि पितळी नळ यांच्या ढिगात मला एक जुना जड रेझर दिसला. तो एका निवृत्त शिपायाच्या घरून आला, असे विक्रेत्याने सांगितले. खरे खोटे तो जाणे. घरी आणून चिंचेने घासला, पाते चढवले आणि सवयीप्रमाणे गालावर दाबू लागलो, तो ध्यानात आले की दाबण्याची गरजच नाही. हत्याराच्या वजनानेच काम होत होते. त्या दिवशी तुरटी डबीतच राहिली.

हे का झाले असावे? दुधारी पाते जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचे असते. सुटे धरले तर ते कागदासारखे लवते. चांगल्या रेझरमध्ये वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्यामध्ये त्याला किंचित कमान देऊन घट्ट आवळलेले असते. वाकवलेला पातळ पत्रा ताठ होतो, हे कौलारू घरावरचा नळीदार पत्रा पाहणाऱ्यास सांगावयास नको. पात्याची धार दोन्ही बाजूंना सारखीच, अगदी केसभर, बाहेर डोकावते. माझ्या जुन्या रेझरमध्ये टोपी व पट्टी एकमेकींवर नीट बसतच नव्हत्या. एका बाजूची धार अधिक बाहेर येई आणि पाते गालावर थरथरे. वीस वर्षे मी ज्याला कातडीचा दोष म्हणत होतो तो पत्र्याच्या दोन तुकड्यांत होता.

येथून माझे वाचन सुरू झाले.

धार राहावी पण गळा कापला जाऊ नये, हा विचार फार जुना आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील झां-झाक पेरे या कारागिराने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर चक्क एक ग्रंथ लिहिला. सुताराच्या रंध्यातून पाते जसे थोडेसेच बाहेर येते, तसे वस्तऱ्याला लाकडी आवरण घालून धार मर्यादेत ठेवावी, ही त्याची कल्पना. पुढे १८४७ मध्ये विल्यम हेन्सन या इंग्रजाने पाते दांडीला काटकोनात बसवून पेटंट घेतले. आकार थेट बागेतील खुरप्या-कुदळीसारखा. हाच हेन्सन त्यापूर्वी चार-पाच वर्षे वाफेवर उडणाऱ्या विमानाचे आराखडे काढीत होता. विमान उडाले नाही, पण आपल्या हातातील रेझरचा 'टी' आकार त्याच्या डोक्यातून निघालेला आहे. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी आपल्या पेटंटात 'सेफ्टी रेझर' हे शब्द योजले. त्यांच्या रेझरची ख्याती मोठी होती. अमेरिकन ग्रंथकार ऑलिव्हर वेंडेल होम्स याने आपल्या युरोपप्रवासाच्या पुस्तकात त्याची तोंड भरून स्तुती केली आहे. परंतु त्या रेझरचे पाते म्हणजे वस्तऱ्याचाच एक आखूड तुकडा. तो काढावयाचा, चामड्याच्या पट्ट्यावर पाजळावयाचा, अधूनमधून निसण्यावर घासावयाचा. कापण्याची भीती गेली होती, पाजळण्याचा व्याप तसाच होता.

तो व्याप ज्याने संपवला तो किंग कॅम्प जिलेट. हा मनुष्य मला फार चमत्कारिक वाटतो. १८५५ मध्ये जन्मलेला, पोटासाठी गावोगाव फिरून माल विकणारा. १८९४ मध्ये त्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा, की व्यापारातील स्पर्धा हेच सर्व अनर्थांचे मूळ असून ती नष्ट करावी, सर्व उत्पादन एका प्रचंड संस्थेकडे द्यावे आणि बहुतेक अमेरिकन जनतेने नायगारा धबधब्याजवळ वसवलेल्या एकाच महानगरात राहावे. वीज धबधबा पुरवील. हे लिहिल्यानंतर वर्षभरातच, १८९५ मध्ये, बोथट वस्तरा हातात घेऊन आरशासमोर उभा असताना त्याला आपल्या रेझरची कल्पना सुचली, आणि स्पर्धेचा हा शत्रू जगातील एका अत्यंत झुंजार कंपनीचा संस्थापक झाला.

कल्पनेला एक पार्श्वभूमी होती. बाटलीचे पत्र्याचे बूच शोधून काढणारा विल्यम पेंटर याच्या कंपनीत जिलेट नोकरीस होता. एकदा वापरून फेकून द्यावी आणि पुन्हा घ्यावी लागावी अशी काहीतरी वस्तू काढ, असा सल्ला पेंटरने त्याला दिला होता. पातळ पोलादी पट्टीला दोन्ही बाजूंनी धार लावावी आणि धार गेली की पट्टी टाकून द्यावी, हे जिलेटला क्षणात दिसले. करून पाहताना मात्र सहा वर्षे गेली. इतक्या पातळ पत्र्याला धार धरण्याइतके कठीण करावयाचे तर तो तापवून एकदम थंड करावा लागतो, आणि तसे केले की तो वेडावाकडा होतो. बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेतील जाणकारांनीही हे अशक्य म्हणून सांगितले, असे जिलेट पुढे सांगत असे. गंमत अशी की ज्याने ते शक्य करून दाखवले तो विल्यम निकरसन त्याच संस्थेत शिकलेला होता. पत्रा न वाकता कठीण करण्याची रीत आणि धार लावण्याची यंत्रे त्याने सिद्ध केली. कंपनीला त्याचे नाव देता आले असते. पण इंग्रजीत 'निक' म्हणजे ओरखडा, आणि ओरखड्याच्या नावाचा रेझर कोण घेणार?

कंपनी १९०१ मध्ये स्थापन झाली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती एवढाच माल खपला. दुसऱ्या वर्षी रेझरांचा आकडा नव्वद हजारांवर गेला आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले. जिलेटचे मिशाळ छायाचित्र पात्याच्या वेष्टनावर छापले जाऊ लागले आणि हा फिरता विक्रेता जगभर चेहऱ्याने ओळखला जाऊ लागला.

येथे एका प्रचलित गोष्टीची दुरुस्ती करणे मला आवश्यक वाटते, कारण मीही ती वर्गात सांगितलेली आहे. जिलेटने रेझर जवळजवळ फुकट वाटला आणि पात्यांवर पैसा केला, असे व्यापारविषयक पुस्तकांतून वारंवार सांगितले जाते. शिकागो विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी २०१० मध्ये जुन्या किमती तपासून दाखवले की वस्तुस्थिती जवळजवळ उलटी होती. पेटंट हाती असेपर्यंत जिलेटचा रेझर पाच डॉलरांना विकला जात होता, आणि ती त्या काळी लहान रक्कम नव्हती. १९२१ मध्ये पेटंटाची मुदत संपली, दुसऱ्यांना तशीच पाती बनवता येऊ लागली, तेव्हा कुठे जुन्या पद्धतीचा रेझर एक डॉलरवर आला. धूर्तपणाची जी युक्ती आपण संस्थापकाच्या नावावर जमा करतो ती स्पर्धेने कंपनीस शिकवली. चालू वर्षी मी मुलांना ही दुरुस्ती सांगितली, एकाने विचारले, "मग परीक्षेत काय लिहायचं, सर?"

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. १९१८ मध्ये अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले, आणि युद्धावरून परतलेला तरुण स्वतः दाढी करण्याची सवय घेऊनच घरी आला. जिलेट स्वतः १९३२ मध्ये वारला. मंदीत त्याची बरीचशी संपत्ती लयास गेली होती. पाती गंजत, म्हणून १९६०च्या सुमारास इंग्लंडच्या विल्किन्सन कंपनीने न गंजणारी, लेप दिलेली पाती आणली. १९७१ मध्ये दोन पात्यांचे डोके आले, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पटींनी कठीण असूनही पाते का बोथटते, याचे उत्तर मिळण्यास २०२० साल उजाडावे लागले. बोस्टनजवळच्या त्याच संस्थेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा धार झिजत नसून तिचे बारीक टवके उडतात, असे आढळले. पोलादाची घडण जेथे असमान असते तेथे तिरका लवलेला मऊ केस तिचा कपचा काढतो.

आपल्याकडील हकीकत मात्र मला थोडक्यात सांगता येणार नाही.

आपल्या गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. धोकटीत वस्तरा, वाटी, कात्री, नराणी आणि आरसा घेऊन तो घरोघर जाई आणि सुगीला धान्याच्या रूपाने आपले बलुते घेई. संत सेना महाराज याच व्यवसायातले. पण तो वस्तरा सर्वांसाठी नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाविषयी लिहून ठेवले आहे की साताऱ्यात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपतही होती, तरी भावंडांचे केस थोरली बहीण कापी. कारण अस्पृश्याच्या मस्तकाला हात लावण्यास कोणी न्हावी तयार नव्हता. गांधीजींना प्रिटोरियात एका गोऱ्या केशकर्तनकाराने नाकारले, तेव्हा त्यांनी कात्रीयंत्र विकत घेऊन आरशासमोर स्वतःचे केस कापले. मागची बाजू बिघडली आणि कोर्टातील मित्र हसले. परंतु आत्मचरित्रात गांधीजी त्या गोऱ्याला दोष देत नाहीत. आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांची सेवा करू देत नाही, याचे ते फळ, असे ते म्हणतात.

ज्या घरी न्हावी येत नव्हता त्या घरातील तरुणाने शहरात पहिला पगार हाती आल्यावर रेझर आणि पात्यांची पुडी विकत घेतली असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल? या गोष्टीची नोंद कोणत्याही कंपनीच्या इतिहासात सापडावयाची नाही. आपल्या गालाचा साबण पुसण्यासाठी त्याला आता कोणाची विनवणी करावयाची नव्हती.

यात न्हावी समाजाला एकट्याला उभे करणे अन्यायाचे होईल. वस्तरा कोणाला लावावयाचा आणि कोणाला नाही, हे गाव ठरवी. संधी मिळाली तेव्हा या समाजाने आपला विवेक दाखवलेला आहे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या केशवपनास हात लावणार नाही असा निर्धार केला. ज्या कामाचे पैसे मिळत होते ते काम त्यांनी नाकारले, आणि तेही पुष्कळशा शिकलेल्या मंडळींच्या आधी!

विदेशी कंपन्यांना आपले न्हाणीघर समजण्यास फार वेळ लागला. या शतकाच्या आरंभी जिलेट कंपनीने हिंदुस्थानासाठी एक रेझर तयार केला आणि त्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांवर घेतली. त्यांना तो आवडला. येथे तो चालला नाही. त्या विद्यार्थ्यांच्या खोलीत नळाला वाहते पाणी होते. येथे कोट्यवधी माणसे तांब्याभर पाण्यात, जमिनीवर बसून, हातातील आरशात पाहून दाढी करतात, आणि त्या थोड्या पाण्यात डोक्यात अडकलेले केस निघत नव्हते. मग कंपनीची माणसे येथे येऊन लोकांच्या घरी बसली, आणि २०१० मध्ये एकाच पात्याचा, सहज धुता येणारा, १५ रुपयांचा रेझर बाजारात आला. पाच पात्यांपर्यंत पोचलेली कंपनी पुन्हा एका पात्यावर आली ती तांब्याभर पाण्यामुळे!

आणि न्हाव्याचा वस्तरा? तो गेला नाही. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची भीती वाढली तेव्हा गिऱ्हाईक नव्या पात्याचा आग्रह धरू लागले. आता सलूनमध्ये कारागीर दुधारी पाते वेष्टनातच मधोमध मोडतो आणि त्यातील अर्धे घडीच्या वस्तऱ्यात बसवतो. जिलेटचे पाते पुन्हा उघड्या वस्त्र्याच्या पोटात जाऊन बसले आहे.

आमच्या घरी एक वृद्ध कारागीर अशीच अर्धी पाती घेऊन दर रविवारी येत असत, वडिलांसाठी. वडिलांचे हात थरथरू लागले होते आणि त्यांचा रेझर आईने लपवून ठेवला होता. जन्मभर स्वतःची दाढी स्वतः करणाऱ्या या माणसाला दुसऱ्याच्या हातात हनुवटी देणे मनापासून खपत नसे. रविवारी सकाळपासून ते गप्प असत. एका रविवारी कारागीर आजारी म्हणून आले नाहीत. मी वाटीत साबण घोळला, तो जुन्या बाजारातला रेझर घेतला आणि भीत भीत वडिलांच्या गालावर ठेवला. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हत्यार चालवताना कोन कसा धरावा हे प्रथमच कळते. अर्धा गाल झाल्यावर त्यांनी माझा हात थांबवला, रेझर मागितला आणि दांडी आपल्या मुठीत धरली. मी त्यांच्या मनगटाला खालून आधार दिला. जड डोके आपल्या वजनाने खाली उतरत होते, त्यांच्या थरथरीला फारसे न जुमानता. रक्त आले नाही.

मग त्यांनी उलटा हात हनुवटीवरून फिरवला, आरसा मागितला, आणि माझ्या बाजूच्या गालावर कानाखाली राहिलेले चार खुंट मला बोटाने दाखवले.