पहिला नाहीतर कायच नाही? खाशाबांची गोष्ट

आज सुरुवात खासबाग मैदानातून. शाहू महाराजांनी उभारलेलं हे मैदान. इथल्या मातीतल्या कुस्तीचा हिशोब सरळ: पाठ टेकली की विषय संपला. एक चितपट, दुसरा लोकांच्या खांद्यावर.

आखाड्यात हे ठीक आहे. पण हाच हिशोब आपण डोक्यात घेऊन फिरतो. ‘पोस्ट निघाली तर आयुष्य सेट, नाहीतर मी वाया गेलो.’ दोन मार्कांनी प्रिलिम गेली तेव्हा मीही हेच म्हणत होतो. आठवडाभर फोन बंद, खोलीचं दार बंद. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्यातल्या रुग्णांचं बोलणं ऐकताना विचारांच्या अशाच चुका टिपल्या. त्यातली ही एक: एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही. मधलं दिसतच नाही.

आता खाशाबा जाधव बघा. गाव कऱ्हाडजवळचं गोळेश्वर, शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले. घडलेले मातीत, तिथे मात्र मॅट. नियमही वेगळे, पाठ न टेकताही पंचांच्या निर्णयावर कुस्ती हरता येते. नंबर आला सहावा. पदक नाही.

‘सगळं किंवा काहीच नाही’ या हिशोबात इथंच गोष्ट संपली. पण सहावा म्हणजे शून्य नव्हे. मॅटवर काय कमी पडतं, हे आता कळलं होतं. पुढची चार वर्षं सराव झाला.

१९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. वर्गणी निघाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. म्हणजे सहाव्या नंबरात काहीतरी आहे, हे दिसणारा एक माणूस कोल्हापुरात होता.

हेलसिंकीत खाशाबा शेवटच्या तिघांत पोचले. तिथे जपानचे इशी आणि सोव्हिएत संघाचे मामेदबेकोव्ह, दोघांकडूनही हरले. नीट ऐका: शेवटच्या दोन्ही कुस्त्या हरले, आणि तरी गळ्यात कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! गावाकडं बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

देशाचा हिशोब मात्र चितपटचाच राहिला. त्याच स्पर्धेत हॉकीला सुवर्ण मिळालं, कांस्य मागं पडलं. खाशाबा १९५५ ला पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले, १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. आणि पुढचं वैयक्तिक पदक आलं थेट १९९६ ला, लिअँडर पेसचं. तेही कांस्यच. ‘नुसतं कांस्य’ किती दुर्मिळ होतं, हे कळायला आपल्याला ४४ वर्षं लागली.

तर मंडळी, निकाल लागला की ‘पास की नापास’ एवढंच विचारू नका. ‘कुठवर पोचलो आणि मॅटवर काय कमी पडलं?’ हेही विचारा. आणि शेजारचा दोस्त दार लावून बसला असेल, तर जरा खर्डेकर सर व्हा. घर गहाण नको, दार वाजवलं तरी पुरे.

भेटू पुढच्या भागात!