तांब्यावरचं नाव

आमच्या घरात साखरखेर्ड्याहून आलेला एक पितळी तांब्या आहे. त्याच्यावर आजोबांचं नाव आहे, ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं. गावात भांड्यांवर नावं घालणारा आला की आजी त्याच्यासमोर ठाण मांडून बसे. "बापू, हात हलू देऊ नको, अक्षर बिघडन!" तरी हात हललाच. 'रा'चा काना पुढच्या 'म'ला जाऊन टेकला. आजीनं तो दोष कायम उन्हाळ्याला दिला.

पदार्थविज्ञान शिकणारा भाचा परवा म्हणाला, "मामा, आजीचं बरोबर होतं!"

1981 साली झुरिकजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत बिनिग आणि रोरर यांनी एक सूक्ष्मदर्शक केला. त्याला भिंगच नाही! एक सुई, तिच्या टोकाशी जवळजवळ एकच अणू. ती पृष्ठभागापाशी न्यायची, पण टेकवायची नाही. मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन चोरवाटेनं पलीकडे जातात, तो प्रवाह मोजायचा. फट मीटरच्या हजार कोटीव्या भागानं वाढली की प्रवाह साधारण दहापट घटतो. आंधळ्यानं काठीनं रस्ता चाचपावा, तसे हे अणू चाचपायचे. 1986 साली दोघांना नोबेल मिळालं.

पण अणू म्हणजे आमच्या घरची कार्टी. ऊब मिळाली की एका जागी बसतील तर शपथ! त्यांना गप्प करायला थंडी हवी. ती सोय लेडनच्या कामरलिंग ओनेसांनी 1908 सालीच हेलियम द्रवरूप करून ठेवली होती. 1989 साली कॅलिफोर्नियात डॉन आयग्लरनं उणे 269 अंशांच्या थंडीत, निकेलवर झेनॉनचे 35 अणू सुईनं एकेक सरकवून आपल्या कंपनीचं नाव लिहिलं. ठिपक्या-ठिपक्यांनी! नावं घालणारे सगळीकडे सारखेच.

आपणही मागे नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी 0.35 केल्व्हिनला चालणारं असं यंत्र घडवलं. 2013 साली त्याची हकीकत छापून आली. बाहेर मुंबईचा घाम, आत अंतराळाहूनही कडक थंडी. विजेला अजिबात न अडवणारे अतिवाहक पदार्थ तिथं तपासतात. त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या खाणाखुणा उबेत धूसर होतात, थंडीत स्वच्छ वाचता येतात.

नाव लिहिण्याची हौस आमच्या गावानंही पाहिली आहे. 1724 च्या ऑक्टोबरात निजामुल्मुल्कानं इथं मुबारिजखानाचा पाडाव केला, हैदराबादच्या गादीचा पाया पक्का केला आणि गावाचं नाव ठेवलं फत्तेखेर्डा. एवढ्या रक्तानं लिहिलेलं नाव, पण गाव आजही साखरखेर्डाच! आयग्लरची अक्षरंही थंडी होती तोवरच. ऊब लागली की झेनॉन उडून जातो.

आजोबांचं नाव घासून घासून आता डोळ्यांना दिसत नाही. पण तांब्यावरून बोट फिरवलं की लागतं. 'रा'चा तो चुकार कानासुद्धा.