गोलरेषेवरची राखण



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. जेथे राज्यांचे उदयास्त, थोरांची चरित्रे आणि समाजसुधारणेचे लढे यांचा ऊहापोह व्हायचा, तेथे स्वीडनमधल्या एका फुटबॉल खेळणाऱ्या बाईची कथा कशासाठी, असा प्रश्न त्यांना पडला तर तो रास्तच आहे. परंतु समाजाने स्त्रीला काय करू दिले, काय करण्यास मज्जाव केला, आणि जे करू दिले त्याचे मोल काय ठरविले, हाही इतिहासच असतो. तो सनदा-फर्मानांत जसा सापडतो तसा क्रीडांगणाच्या चुनखडीच्या रेषांवरही सापडतो.

आजची आपली नायिका नील्ला फिशर. तिचा जन्म २ ऑगस्ट १९८४ रोजी स्वीडनच्या दक्षिण टोकाच्या स्कोने प्रांतात झाला. पण तिच्या जन्माआधीची हकीकत सांगितल्यावाचून तिची कामगिरी समजणार नाही. म्हणून थोडे मागे जाऊ.

२६ डिसेंबर १९२० या दिवशी इंग्लंडात लिव्हरपूल येथे स्त्रियांच्या एका फुटबॉल सामन्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक लोटले होते. पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले, बायका कारखान्यांत आल्या आणि कारखान्यांच्या अंगणांतून त्यांचे संघ उभे राहिले. हा बहर पाहून खेळाच्या चालकांना आनंद वाटावा, तर झाले उलटेच. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने ठराव करून आपल्या सभासद-क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. कारण काय, तर हा खेळ स्त्रीप्रकृतीस मानवत नाही! हा मज्जाव सुमारे अर्धशतक टिकला. जर्मनीतही १९५५ साली अशीच बंदी आली आणि ती १९७० पर्यंत राहिली. बंदी घालणाऱ्यांत अडाणी कोणी नव्हते. शिकलेसवरलेले, प्रतिष्ठित गृहस्थच होते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

स्वीडनमध्ये नव्या काळाचा आरंभ राजधानीत झाला नाही. वेस्तरयोतलांद प्रांतातल्या ओक्साबेक नावाच्या लहानशा गावात १९६६ साली मुलींनी आपला संघ काढला, आणि पुढे तोच देशातला अग्रगण्य संघ ठरला. १९७३ साली स्वीडनच्या स्त्रियांनी फिनलंडशी आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला. गोल एकही झाला नाही. सामना ०-० असा सुटला. पण दार मात्र उघडले.

पुढे १९८४ साली युरोपातील स्त्रियांची पहिली मोठी स्पर्धा झाली. अंतिम फेरी स्वीडन आणि इंग्लंड यांच्यात, दोन सामन्यांची. पहिला स्वीडनने १-० असा जिंकला, तर दुसरा इंग्लंडने आपल्या ल्यूटन गावी, चिखलाने भरलेल्या मैदानावर, तितक्याच फरकाने जिंकला. मग पेनल्टी किकांवर निर्णय लागला आणि निर्णायक किक मारली पिया सुंधागे या खेळाडूने. गंमत अशी की, तेव्हा स्त्रियांचा सामना नव्वद मिनिटांचा नसून सत्तरच मिनिटांचा असे. १९९१ साली चीनमध्ये पहिली विश्वचषक स्पर्धा झाली तेव्हासुद्धा तो ऐंशी मिनिटांचाच होता. शेवटची दहा मिनिटे स्त्रीच्या छातीला झेपणार नाहीत, अशी चालकांची समजूत! असो. स्वीडनच्या त्या विजयानंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी नील्ला फिशर जन्मास आली. ज्या दारासाठी आधीच्या पिढीने टक्करा दिल्या, ते तिला उघडे मिळाले. आत मात्र घर अजून बांधायचे होते.

२००१ साली, वयाची विशी गाठण्यापूर्वीच, ती राष्ट्रीय संघात आली. प्रथम क्रिस्तियान्स्तादच्या आणि नंतर मालमोच्या संघातून ती खेळली. मालमोने २०१० आणि २०११ साली स्वीडनचे अजिंक्यपद मिळविले. त्या काळी ती मधल्या फळीत खेळत असे. २०११ च्या विश्वचषकात, जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे, बलाढ्य अमेरिकेविरुद्ध तिने फ्री किकवर मारलेला चेंडू एका अमेरिकन खेळाडूच्या अंगाला लागून गोलात गेला. स्वीडनने तो सामना २-१ असा जिंकला. विश्वचषकाच्या प्राथमिक गटात अमेरिकन स्त्रिया हरल्या त्या इतिहासात प्रथमच. त्या वर्षी स्वीडनला तिसरा क्रमांक मिळाला.

परंतु याच स्पर्धेची दुसरी बाजू बारा वर्षांनी उजेडात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात फिशरने लिहिले की, आपण खरोखर स्त्रियाच आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्या वेळी स्वीडनच्या खेळाडूंना विवस्त्र तपासणीस सामोरे जावे लागले. १९२१ चा ठराव म्हणत होता की, हा खेळ खेळणे स्त्रीला शोभत नाही; २०११ ची तपासणी जणू म्हणत होती की, इतका चांगला खेळते ती स्त्री असेलच कशी! नव्वद वर्षांत भाषा बदलली, मैदाने बदलली. संशय मात्र शिल्लक राहिला.

यानंतर तिच्या आयुष्यात मोठे वळण आले. २०१३ पर्यंत ती मधल्या फळीतून बचावफळीच्या मध्यभागी आली होती. राष्ट्रीय संघाच्या मार्गदर्शक तेव्हा पिया सुंधागे होत्या, ज्यांनी १९८४ ची ती निर्णायक किक मारली होती त्याच. वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर जागा बदलणे सोपे नसते. गोल करणाऱ्याची चूक विसरली जाते, कारण त्याला दुसरी संधी मिळते. बचाव करणाऱ्याची एक चूक थेट फलकावर लागते. किल्ला घेणाऱ्याचे नाव बखरीत येते, किल्ला राखणाऱ्याचे क्वचितच. जे संकट आलेच नाही त्याची नोंद कोण ठेवणार?

त्याच वर्षी ती वोल्फ्सबुर्गच्या क्लबात दाखल झाली. हे शहर १९३८ साली मोटार कारखान्याच्या कामगारांसाठी वसविलेले, आणि क्लबाच्या पाठीशी तोच फोक्सवागन कारखाना. येथे ती सहा वर्षे राहिली. जर्मन लीगचे अजिंक्यपद २०१४, २०१७, २०१८ आणि २०१९ असे चारदा, आणि जर्मन चषक २०१५ पासून २०१९ पर्यंत ओळीने पाच वेळा, एवढे यश संघाने तिच्यासह मिळविले.

मात्र मला आपले लक्ष एका विशिष्ट सामन्याकडे वेधायचे आहे. २२ मे २०१४ रोजी लिस्बन येथे युरोपच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. समोर होता स्वीडनचाच तिरेसो हा संघ, आणि त्यात ब्राझीलची विख्यात मार्ता. तिरेसोने दोन गोलांची आघाडी घेतली. वोल्फ्सबुर्गने ती फेडली. पुन्हा मार्ताने गोल केला. अखेर वोल्फ्सबुर्ग ४-३ असा विजयी झाला. आता पुढचे ऐका. युरोपात दुसरा आलेला तो तिरेसो संघ त्याच उन्हाळ्यात दिवाळखोरीपायी स्वीडनच्या लीगमधून बाहेर पडला. जगातल्या नामांकित खेळाडू जमविल्या, पण तिजोरीचा तळ उघडा पडला. एका बाजूस कारखान्याचे बळ, दुसऱ्या बाजूस कर्जाचा डोंगर. स्त्रियांना 'व्यावसायिक' ही पदवी मिळाली तरी त्या व्यवसायाचा पाया किती डळमळीत होता, हे या एका सामन्याने जेवढे दाखविले तेवढे कोणत्याही अहवालाने दाखविले नसेल.

२०१६ चे रिओ ऑलिंपिक हे बचावाच्या कलेचे उत्तम उदाहरण. प्राथमिक फेरीत ब्राझीलने स्वीडनचा ५-१ असा धुव्वा उडविला होता. दुसरा संघ खचला असता. सुंधागे यांनी डाव बदलला: मागे दाट फळी, आणि संधी मिळताच झटपट चढाई. उपान्त्यपूर्व फेरीत अमेरिका आणि उपान्त्य फेरीत तोच ब्राझील, दोघेही पेनल्टी किकांवर गारद झाले. ब्राझीलला त्या सामन्यात १२० मिनिटांत एकही गोल करता आला नाही, आणि तोही माराकानाच्या प्रचंड मैदानावर, हजारो स्वकीयांच्या जयघोषात! या पद्धतीस भ्याडपणा म्हणणारेही निघाले. पण पाच गोल खाल्लेल्या संघाने दहा दिवसांत त्याच प्रतिस्पर्ध्यास शून्यावर रोखावे, याला मी तरी धैर्यच म्हणेन. अंतिम सामना जर्मनीने २-१ असा जिंकला. स्वीडनला रौप्यपदक मिळाले.

आणखी एक प्रसंग सांगतो. ६ जुलै २०१९, फ्रान्समधील नीस शहर, विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकासाठी इंग्लंडशी सामना. स्वीडन २-१ असा पुढे, आणि वेळ संपत आलेली. इंग्लंडच्या ल्यूसी ब्राँझ हिने जोरदार फटका मारला. चेंडू गोलरक्षक हेडविग लिंडालला चुकवून गोलात शिरणार, तोच रेषेवर उभ्या असलेल्या फिशरने तो डोक्याने परतविला. योगायोग पाहा, ब्राँझला अडवून तिने ब्राँझपदक राखले! तेव्हा तिला पस्तिसावे वर्ष लागले होते. त्या वर्षी जगातील सर्वोत्तम अकरा स्त्री-खेळाडूंत तिची निवड झाली. पुढे लिन्शॉपिंगच्या संघाकडून खेळून २०२२ साली ती निवृत्त झाली. तोवर देशासाठी ती १९० हून अधिक सामने खेळली होती.

मैदानाबाहेरही तिने एक ठाणे राखले. आपली जीवनसंगिनी स्त्री आहे हे तिने लपविले नाही, आणि कर्णधार म्हणून दंडावर सप्तरंगी पट्टी बांधली. २०१८ साली वोल्फ्सबुर्ग क्लबाने आपल्या पुरुषांच्या, स्त्रियांच्या आणि कुमारांच्या सर्व संघांच्या कर्णधारांसाठी तीच पट्टी ठरविली. एकटीने धरलेली गोष्ट संस्थेचा शिरस्ता होऊन बसली.

या कथेचा एक धागा आपल्या दारापर्यंतही येतो. २०११ साली ज्यांच्या मार्गदर्शनाखाली फिशर खेळली, ते थोमास डेनर्बी पुढे भारतीय स्त्रियांच्या संघाचे प्रशिक्षक झाले. जानेवारी २०२२ मध्ये आशियाई स्पर्धा नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे भरली, तेव्हा आपल्या मुलींनी इराणशी ०-० अशी बरोबरी केली. दुर्दैवाने संघात कोरोनाची साथ पसरल्याने भारताला पुढे खेळताच आले नाही. पण स्वीडननेही आरंभ ०-० नेच केला होता, हे आपण मघाशी पाहिले.

श्रोते हो, ५३,००० प्रेक्षक जमविणारा खेळ एका ठरावाने पन्नास वर्षे मागे पडू शकतो. युरोपात दुसरा आलेला संघ एका उन्हाळ्यात नाहीसा होऊ शकतो. मिळविलेला हक्क कोणी राखला नाही तर तो राहत नाही. म्हणून गोल करणारीचे कौतुक करू तेव्हा रेषेवर उभ्या असलेल्या राखणदारणीचीही आठवण ठेवावी, आणि आपल्या गावातली एखादी मुलगी मैदान मागावयास आली तर १९२१ चा तो ठराव आपल्या तोंडून पुन्हा निघू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.