कडू तेल आणि डिझेलचे इंजिन

आपल्या कोकणपट्टीत गोडे तेल खाण्याचे आणि कडू तेल जाळण्याचे, असा भेद पूर्वापार चालत आला. करंजाच्या बियांचे करंजेल आणि उंडीच्या फळांचे उंडेल यांवर आपल्या पणज्यांचे दिवे जळत. पुढे घासलेटाचे डबे आले आणि कडू तेल गुरांच्या खरजेवर लावण्यापुरते उरले. झाडाच्या तेलावर इंजिन चालविण्याची गोष्ट निघाली की लोक तिला परदेशी नवलाई समजतात, म्हणून ही आठवण प्रथम करून दिली.

डिझेल हे मुळात तेलाचे नाव नव्हे, माणसाचे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरच्या पद्धतीचे एक छोटे इंजिन 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालविले गेले, आणि ते इतके सुरळीत चालले की तेल वेगळे आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग पिके, तेव्हा तेथील यंत्रांना तेथलेच तेल पुरावे, हा हिशेब. याच डिझेलने 1903 साली ‘सॉलिडारिस्मुस’ नावाचे पुस्तक लिहिले. कामगारांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून स्वतःच्या मालकीचे कारखाने उभारावेत, असा त्याचा विचार. दहा हजार प्रती छापल्या, त्यांतल्या काहीशेच खपल्या. संघटनेत आयुष्य घालविलेल्यांना या खपाचे नवल वाटणार नाही. 1913 साली इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला.

नुसते वनस्पती तेल इंजिनाला फार दिवस मानवत नाही. ते दाट असते; फवारा नीट उडत नाही, काजळी धरते. यावरचा तोडगा ब्रुसेल्सच्या शव्हान यांनी 1937 साली पेटंट करून घेतला, आणि 1938 साली तशा तेलावर ब्रुसेल्स ते लूव्हाँ बस धावली. कृती साबणवाल्याला समजेल इतकी सोपी आहे. शव्हान यांनी एथिल अल्कोहोल वापरले; आज बहुधा मिथेनॉल वापरतात. शंभर लिटर तेलास सुमारे वीस लिटर मिथेनॉल, त्यात थोडा कॉस्टिक विरघळवायचा, तेल साठ अंशांच्या आत तापवून मिश्रण ढवळायचे आणि निवू द्यायचे. जड ग्लिसरीन तळाशी बसते, वर पातळ तेल राहते. ते पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे केले की झाले बायोडिझेल. तेल जुने, तळणीचे असेल तर त्यात आम्ल वाढलेले असते. ते आधी तपासून कॉस्टिक बेतले नाही तर इंधनाऐवजी साबण हाती येतो.

परंतु कृती सोपी म्हणून इंधन स्वस्त होत नाही. तेल कोठून आणायचे आणि ते काढणाऱ्याला काय मिळते, हा खरा प्रश्न. शव्हान यांचे पामतेल बेल्जियमच्या ताब्यातील काँगोचे. तेथे फळे तोडण्यासाठी माणसांवर सक्ती होत असे. आपल्याकडे सक्ती नव्हती, आशा होती. नाशिककडे विनायकदादा पाटील यांनी 1980 नंतरच्या दशकातच मोगली एरंडाची लागवड हाती घेतली होती. पुढे 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने त्याची देशव्यापी मोहीम सुचविली, आणि 2009 च्या धोरणाने 2017 पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. हे झुडूप पाण्यावाचून जगते खरे. पण खतपाण्यावाचून बी भरघोस देत नाही. शिवाय फळे एकदम पिकत नाहीत, हाताने पुन्हा पुन्हा वेचावी लागतात. ती मजुरी कागदावर कोणी नीट मांडली नव्हती. 2018 च्या नव्या धोरणात लक्ष्य पाच टक्क्यांवर आले, तेही 2030 पर्यंत.

ओडिशातील किंचलिंगी या आदिवासी खेड्यात मात्र ‘ग्राम विकास’ संस्थेच्या साह्याने गावकऱ्यांनी करंज आणि मोहाच्या तेलाचे इंधन सायकलसारखे पायडल मारून बनविले आणि त्यावर पाण्याचा पंप चालविला. तेथे बी गावचे, श्रम गावचे आणि पाणीही गावचेच. मला हा प्रयोग त्या सगळ्या धोरणांहून मोठा वाटतो.

आता भिवंडीकडे येऊ. 2005-06 च्या भारनियमनात ज्याच्याकडे जनरेटर त्याचा माग चाले. बाकीच्या मागांवरचा कामगार वाराप्रमाणे मजुरी घेणारा. वीज गेली की मजुरी गेली. आपल्या शहरात करंजाची रानेही नाहीत, पण तळणीचे तेल आहे. पुन्हा पुन्हा तापविलेले तेल मोठ्या हॉटेलातून उतरत्या भावाने गाडीवर जाते आणि भजी-वड्यांतून मजुराच्या पोटात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै 2018 पासून अशा तेलाच्या वापरावर मर्यादा घातली आणि ते इंधनासाठी गोळा करण्याची योजना काढली. भिशी चालविणाऱ्याला त्या तेलाचा रास्त भाव मिळाला, तरच ते कढईतून बाहेर पडेल. नुसत्या दंडाच्या भीतीने नव्हे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. मिथेनॉल हे विष आहे. मालवणीत जून 2015 मध्ये शंभराहून अधिक माणसे मेली ती मिथेनॉलच्या दारूने. त्याची वाफ पटकन पेटते आणि ज्योत दिवसा दिसतही नाही. मागाच्या कोंदट गाळ्यात, जेथे सुताची पूस उडत असते, तेथे हे काम करू नये. नळी तोंडाने ओढून पिंप रिकामे करणे तर मुळीच नको. आणि पिंपावरची सूचना मराठीबरोबर हिंदी, उर्दू, तेलुगूतही लिहावी, कारण पिंप उचलणारा माणूस यांतली बहुधा एकच भाषा वाचतो.